नववर्षाची उपासना आणि मंडळीचा कारभार

भाईंदर पूर्वेच्या एकाच चाळीत वर्षाचा आरंभ निदान चार वेळा होतो. चैत्री पाडव्यास मराठी बिऱ्हाडावर गुढी उभी राहते आणि त्याच दिवशी शेजारच्या तेलुगू घरी उगादीची पचडी होते. तमिळ कुटुंबाचे वर्ष एप्रिलच्या मध्यावर लागते. खालचा गुजराती दुकानदार दिवाळीत नव्या वह्यांची पूजा करून आपले वर्ष सुरू करतो. राहिली १ जानेवारी. ती सर्वांचीच आहे आणि कोणाचीच नाही, असे आपण मानतो. बाहेर फटाके वाजत असतात, आणि त्याच वेळी एखाद्या भाड्याच्या खोलीत तीस-चाळीस माणसे चटईवर बसून जुन्या वर्षाचा हिशेब देवापुढे मांडीत असतात. ही माणसे बहुधा स्टीलच्या पट्टीच्या आणि भांड्यांच्या गाळ्यांतून काम करणारी, गुंटूरकडची, तंजावरकडची किंवा रांचीकडची असतात, आणि त्यांतील काही घरे ल्युथरन पंथाची असतात. त्यांच्या ह्या रात्रीचा इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे. तो सांगताना अहमदनगरपर्यंत जावे लागणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम त्या तारखेविषयी थोडे. १ जानेवारीला आपण सरसकट ‘इंग्रजी नववर्ष’ म्हणतो. पण ह्या साष्टी बेटात ती तारीख इंग्रजांच्या आधी आली. रोमच्या पोपने १५८२ साली पंचांग सुधारले, दहा दिवस गाळले, आणि पोर्तुगीजांनी ते लगोलग स्वीकारले. त्या वेळी वसई, साष्टी आणि हे आपले खाडीकाठचे गाव पोर्तुगीज अमलाखाली होते. इंग्रज मात्र पोपचे पंचांग म्हणून ते दीडशे-पावणेदोनशे वर्षे दूर ठेवून बसले. ते त्यांनी १७५२ साली घेतले. त्यामुळे मुंबई बेट १६६५ साली इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर मोठी गंमत झाली. वांद्र्यास पोर्तुगीज १ जानेवारी साजरी करीत, त्या दिवशी माहीमच्या खाडीपलीकडे इंग्रजांच्या दप्तरात २२ डिसेंबर असे. त्यांचा नाताळही अजून तीन दिवस दूर असे. शिवाय इंग्रजांचे कायद्याचे वर्ष २५ मार्चला बदले. एका खाडीच्या दोन काठांवर दोन तारखा आणि दोन सालेही! १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाही हा घोळ चालूच होता. तारीख म्हणजे आकाशातून पडलेली वस्तू नव्हे, ती राज्यकर्त्यांच्या भांडणातूनही ठरते, एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे समजण्यास सोपे जाईल.

ल्युथरन हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. भाईंदर, डोंगरी, उत्तन येथील जुने ख्रिस्ती कॅथलिक आहेत. त्यांची देवळे आपल्या नित्य पाहण्यातली. मार्टिन लूथर हा जर्मनीतील एक संन्यासी आणि अध्यापक. पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करण्याचा जो व्यापार तेव्हा चालला होता, त्याविरुद्ध त्याने १५१७ साली पंच्याण्णव कलमे लिहिली. त्यातून जो पंथ उभा राहिला त्याने तीन गोष्टींवर भर दिला. शास्त्र लोकांच्या बोलीत असावे. उपासनेत गाणे सर्वांनी मिळून गावे, ते केवळ पुरोहितांच्या कंठात राहू नये. आणि देवापुढे प्रत्येक श्रद्धावान याजकच आहे. लूथरने बायबल जर्मन भाषेत आणले. १५२९ साली त्याने घरातल्या मुलाबाळांसाठी प्रश्नोत्तरांचे एक लहान पुस्तक केले. ते आजही ह्या घरांतून पाठ केले जाते. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी संस्कृतातले मराठीत आणले, त्याची आठवण येथे कोणास झाली तर त्यात वावगे नाही. मात्र लूथरामागे राजे उभे राहिले आणि ज्ञानेश्वरांमागे वारकरी, हा फरक लहान नव्हे. जर्मनीतल्या गरीब शेतकऱ्यांनी १५२५ साली बंड केले तेव्हा लूथर राजांच्या बाजूने उभा राहिला. आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसास हे विसरता येत नाही.

ह्या पंथात १ जानेवारी हा मुळात नव्या वर्षाचा सण नव्हे. मंडळीचे धार्मिक वर्ष नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होते. १ जानेवारी हा नाताळापासून आठवा दिवस. यहुदी चालीप्रमाणे त्या दिवशी बालकाची सुंता होऊन त्याचे नाव ठेवले गेले, म्हणून तो येशूच्या नामकरणाचा दिवस. लूकच्या शुभवर्तमानातले त्या दिवशीचे वाचन अवघ्या एका वचनाचे आहे. आपल्याकडे बारावे दिवशी बारसे, त्यांच्याकडे आठवे दिवशी. तेव्हा सकाळच्या उपासनेत पाळक नव्या सालाबद्दल बोलतो ते नावाच्या निमित्ताने.

मध्यरात्रीच्या उपासनेची कथा निराळी. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात त्सिंत्सेंडोर्फ नावाच्या एका सरदाराने मोराव्हियातून परागंदा झालेल्या लोकांना आपल्या जमिनीवर आसरा दिला. हा सरदार ल्युथरन घराण्यातला, हालेच्या शाळेत शिकलेला. १७२२ साली वसू लागलेल्या त्या गावाचे नाव हेर्नहूट. तेथे १७३३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री जागून प्रार्थना करण्याची चाल सुरू झाली. पुढे इंग्लंडात जॉन वेस्लीने ती उचलली. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडचे कोळसाखाणीचे कामगार शनिवारच्या रात्री गुत्त्यात घालवीत. नव्या श्रद्धेचे झाल्यावर त्यांनी त्याच रात्री जागून प्रार्थना आरंभिली. जागरणाची सवय होतीच, तिचे ठिकाण तेवढे बदलले. अमेरिकेत १८६२ च्या ३१ डिसेंबरला काळ्या गुलामांनी अशीच रात्र जागवली. कारण लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा दुसऱ्या दिवशी अमलात यावयाचा होता. अशी ही चाल हेर्नहूटहून निघून खाणकामगार आणि गुलाम यांच्या हातून फिरत आली आहे. आज ल्युथरन, मेथॉडिस्ट आणि इतर अनेक मंडळ्या ती पाळतात; भाईंदरातही ती पाळली जाते.

हेर्नहूटचीच आणखी एक देणगी ह्या रात्री दिसते. तेथे रोज एक शास्त्रवचन घरोघर सांगितले जाई. १७३१ पासून वर्षभराची अशी वचने छापून निघू लागली. आपल्या तेलुगू आणि तमिळ मंडळ्यांत नववर्षाच्या उपासनेनंतर लहान कागदांवर छापलेली वचने तबकात ठेवतात. प्रत्येकाने एक उचलावयाचे. ते त्याचे त्या वर्षाचे वचन. घरी जाऊन ते चुलीजवळच्या भिंतीवर किंवा आरशाच्या कोपऱ्यात चिकटवतात आणि डिसेंबरपर्यंत ते तेलकट होऊन जाते. काही पाळक ह्या चालीस नाके मुरडतात, ही सोडत झाली म्हणतात. आम्हांस ती आवडते. वर्षभर ठेकेदाराच्या शब्दावर जगणाऱ्या माणसाला बारा महिने न बदलणारा एक शब्द हवासा वाटला, तर त्यात आश्चर्य कसले?

आता हे लोक ल्युथरन कसे झाले, ते पाहू. तमिळ शाखा सर्वांत जुनी. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूट्शाऊ हे दोन जर्मन तरुण ९ जुलै १७०६ रोजी तरंगमबाडीस उतरले. त्सीगेनबाल्गने तमिळ आत्मसात केली आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून काढला. विल्यम कॅरी बंगालात उतरला त्याच्या बरेच आधीची ही गोष्ट आहे. ज्या आठवड्यात हेर्नहूटला पहिली जागरणाची रात्र झाली, त्याच आठवड्यात, २८ डिसेंबर १७३३ रोजी, तरंगमबाडीस आरोन ह्या तमिळ माणसास पाळकाची दीक्षा मिळाली. प्रॉटेस्टंट पंथात दीक्षा मिळालेला हा पहिला हिंदी पाळक. परंतु देवळात जातींच्या बैठकी वेगळ्या राहिल्या, हेही सांगितले पाहिजे. पुढे आलेल्या लाइप्झिग मिशनने जातीला मुरडच घातली नाही. ती समाजाची रीत आहे, हळूहळू जाईल, अशी त्यांची भूमिका. प्रभुभोजनाच्या एका पेल्यावरून दक्षिणेत दीर्घकाळ भांडणे झाली.

तेलुगू शाखा अमेरिकन. जॉन क्रिश्चन फ्रेडरिक हायर हा जन्माने जर्मन, कर्माने अमेरिकन पाळक १८४२ साली गुंटूरला आला. तेथे मोठ्या संख्येने मंडळीत आले ते माला आणि मादिगा, म्हणजे गावकुसाबाहेरचे शेतमजूर. रांचीची शाखा बर्लिनच्या गॉसनरने पाठविलेल्या चौघांनी १८४५ साली सुरू केली. पाच वर्षे एकही माणूस मिळाला नाही. १८५० साली पहिल्या चार उरांव पुरुषांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मग मुंडा व उरांव गावेच्या गावे येऊ लागली. रांचीचे मोठे देऊळ १८५५ साली उभे राहिले. सत्तावनच्या धामधुमीत त्यावर तोफगोळा बसला, त्याची खूण दाखवितात. ह्या आदिवासींना धर्माइतकीच जमीनदारापासून वाचण्याची आशा होती. मिशन त्या लढ्यात फार पुढे जाण्यास तयार नाही, असे दिसताच अनेक सरदार दूर झाले. बिरसा मुंडा हा चाइबास्याच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकलेला मुलगा. तोही बाहेर पडला, आणि १९०० साली रांचीच्या तुरुंगात वारला.

महाराष्ट्रात ल्युथरन मंडळी फारशी का नाही, असा प्रश्न येथे येईल. आपल्याकडे १८१३ साली अमेरिकन मराठी मिशन मुंबईस आले, नंतर स्कॉटिश मिशन कोकणात उतरले. वाटण्या झाल्या त्या त्यांच्यात. मराठी प्रॉटेस्टंटांपैकी पुष्कळजण १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीत एकत्र झाले. ल्युथरन त्या ऐक्याबाहेर राहिले. आपल्या सर्वांत जवळचे म्हणजे बासेल मिशन. त्यात ल्युथरन आणि रिफॉर्म्ड असे दोन्ही मतांचे लोक होते. धारवाड, हुबळीच्या मुलखास ते ‘दक्षिण महाराष्ट्र’ म्हणत आणि १८३७ पासून तेथे त्यांचे काम होते. परंतु त्यांची खरी ओळख आपल्या छपरावर आहे. मंगलोरी कौल ज्याला म्हणतात त्याचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास काढला, आणि ती कौले गलबतांतून कोकण किनाऱ्यावर आली. ख्रिस्ती झाल्यामुळे जातीने टाकलेल्या माणसांना पोट भरण्यास काम हवे, म्हणून हे माग आणि ह्या भट्ट्या. पाळक आणि कारखानदार एकाच मिशनचे! आम्ही पुष्कळ मालक पाहिले, पण रविवारी उपदेश करणारा आणि सोमवारी हजेरी घेणारा मालक कामगारास किती जड जात असेल, याची कल्पना करवत नाही.

असा सगळा डोलारा जर्मन पैशावर आणि जर्मन माणसांवर उभा होता. आणि १९१४ साली महायुद्ध पेटले. हिंदुस्थानातील जर्मन रातोरात शत्रू ठरले. व्यापारी, खलाशी आणि त्यांच्याबरोबर मिशनरीही पकडले गेले, आणि त्यांतील पुष्कळांना आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत आणून ठेवले. पुढे १९१५ आणि १९१६ मध्ये ‘गोलकोंडा’ नावाच्या बोटीने मिशनऱ्यांची व त्यांच्या कुटुंबांची मायदेशी रवानगी झाली. रांचीस बाप्तिस्मा देणारा, तरंगमबाडीस शाळा चालविणारा माणूस नगरच्या माळावर काटेरी तारेआड नववर्ष मोजीत बसला. इकडे हजारो मंडळ्यांना ना पाळक, ना पगार. काही काळ इंग्रज बिशपांनी, स्वीडिश व अमेरिकन ल्युथरनांनी हातभार लावला हे खरे. पण रोजचा गाडा ओढला तो तेथल्याच गुरुजींनी, उपदेशकांनी आणि पंचांनी.

योगायोग असा की, त्याच वर्षांत नगरशी निकटचा संबंध असलेला एक मराठी कवी, नारायण वामन टिळक, आपल्या वाटेने त्याच ठिकाणी येऊन पोहोचला होता. त्यांचे मिशन अमेरिकन होते, त्यांना कोणी कैद केले नव्हते. तरी १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ती माणसाने आपल्या देशाचे राहून, आपल्या पायांवर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह. टिळकांनी जे विचाराने केले, ते रांचीच्या आदिवासींना परिस्थितीने करावयास लावले. दोन्हींची वर्षे इतकी जवळ यावीत, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

१९१९ साली त्याचे फळ दिसले. १४ जानेवारीस, म्हणजे इकडे संक्रांत आणि तिकडे पोंगल, त्या सुमारास तमिळ ल्युथरन मंडळी स्वतंत्र झाली. १० जुलैस रांचीच्या मंडळीने आपली स्वायत्तता जाहीर केली. कारभार आता तेथल्याच लोकांच्या हाती होता. तेलुगू मंडळी १९२७ साली उभी राहिली. पहिल्या तमिळ पाळकापासून पहिल्या हिंदी बिशपापर्यंत मात्र फार चालावे लागले: राजा मणिकम यांना १४ जानेवारी १९५६ रोजी बिशपची दीक्षा मिळाली. आरोनपासून ते अंतर २२२ वर्षांचे होते.

येथे एक गोष्ट आमच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. त्याच युद्धात बासेल मिशनचे कौलांचे आणि विणकामाचे कारखानेही सरकारने ताब्यात घेतले. ते मात्र कामगारांकडे आले नाहीत. ते लंडनच्या कॉमनवेल्थ ट्रस्ट ह्या कंपनीकडे गेले. जर्मन गेले, इंग्रज आले. एकाच धक्क्याने देवळातला धनी गेला तेव्हा मंडळीला स्वराज्य मिळाले, आणि भट्टीवरचा धनी गेला तेव्हा कामगाराला दुसरा धनी मिळाला. देवळात पंच निवडण्याची, हिशेब विचारण्याची थोडीबहुत सवय आधीच लागलेली होती. भट्टीवर तशी सवय कोणी लागू दिली नव्हती. १९३९ साली दुसरे युद्ध सुरू झाले आणि जर्मन मिशनरी पुन्हा धरले गेले. ह्या खेपेस नगर, देवळाली आणि डेहराडून, तर काही कुटुंबांसाठी सातारा आणि पुरंदर. मुरारबाजीच्या गडावर जर्मन मुले खेळत होती! परंतु तोवर मंडळ्यांचा कारभार त्यांच्यावर अवलंबून राहिला नव्हता.

ह्या स्वराज्याची सवय भाईंदरच्या गाळ्यांत कशी उपयोगी पडते, त्याचे एक उदाहरण देतो. आपल्याकडे १ जानेवारीस सरकारी सुट्टी नसते. रात्री उपासना, पहाटे घरी, आणि सातच्या पाळीस यंत्रावर. एका कारखान्यात, नाव घेत नाही, गुंटूरकडच्या तिघांनी सकाळची पाळी चुकविली म्हणून त्यांचा खाडा लागला आणि महिन्याचे हजेरी बक्षीसही गेले. प्रकरण आमच्याकडे आले. आम्ही मालकाकडे जाण्याआधीच त्या तिघांतला एक वही घेऊन आला. त्याने आपल्या मंडळीत पंच म्हणून काम केलेले. वहीत त्याने पाळ्यांची अदलाबदल लिहून आणली होती: १ जानेवारीची सकाळ दोन मुसलमान आणि एक आगरी कामगार सांभाळणार, त्याबद्दल हे तिघे ईदची आणि अनंत चतुर्दशीची पाळी सांभाळणार. खाली सहा सह्या. मालकाचे उत्पादन एका तासानेही कमी होत नव्हते. त्याला नाही म्हणता येईना. कापलेले बक्षीस मिळावयास मार्च उजाडला, पण अदलाबदलीची ती वही पुढेही चालू राहिली.

अशा मंडळीचा जानेवारी म्हणजे हिशेबाचाही महिना. पुष्कळ ठिकाणी नववर्षाच्या उपासनेनंतरच्या एखाद्या रविवारी गेल्या सालचा जमाखर्च वाचतात आणि पंचांची निवड करतात. बाया असतात, मुले कंटाळलेली असतात, मागे चहाचे पातेले ठेवलेले असते. आम्ही एकदा पाहुणे म्हणून असे वाचन ऐकले. खोलीचे भाडे, पेटीची दुरुस्ती, नाताळच्या केकचे साहित्य, एका बाळंतिणीस दिलेली मदत, एका मजुराचे प्रेत रेल्वेने गावी नेण्याचा खर्च. पाळकाचा पगार शेवटी होता आणि तो पूर्ण दिलेला नव्हता. वाचन संपल्यावर पॉलिशच्या गाळ्यात काम करणारी एक बाई उठली. पेटीची दुरुस्ती दोनदा कशी लिहिली, असे तिने विचारले. खजिनदाराने पावत्या काढल्या. एक भात्याची होती, दुसरी सुरांच्या पट्ट्यांची. तिने दोन्ही हातात घेऊन वाचल्या, परत दिल्या आणि खाली बसली. मग पाळकाच्या उरलेल्या पगाराचा विषय निघाला, आणि तो चहा निवेपर्यंत चालला.